रंग लावायच्या आधी रेघ मोजू द्या

आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर, लाइटच्या मीटरच्या पेटीखाली चार बोटं, एक तपकिरी रेघ आहे. २०२४ च्या ऑगस्टची. जन्माष्टमीला जो पाऊस लागला तो लागलाच, मग आपल्या बडोद्याची विश्वामित्री नदी चढली, आणि आमच्या गल्लीत पाणी आलं ते दोन रात्री तसंच उभं राहिलं, हललंच नाही, म्हणून ती रेघ इतकी सरळ आलीय की कुणी फूटपट्टी धरून ओढलीय असं वाटावं. आता दसरा झाला, दिवाळी तोंडावर आलीय, रंगारी ठरलाय. तो येऊन बघून गेला आणि म्हणाला, ताई, दोन हात पुट्टी मारली की काही दिसणार नाही. मी त्याला म्हटलं, थांब. आठ दिवस थांब. घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. तर का थांबवलं ते नीट लिहून काढते, कारण गेल्या महिन्याभरात दहा जणांना तोंडी सांगून झालंय आणि अजून बऱ्याच जणांना सांगायचंय.

मी शाळेत भूगोल शिकवते, २४ वर्षं झाली. नकाशा म्हणजे माझ्यासाठी ट्रेसिंग पेपर, खाली कार्बन, गुजरातची बाह्यरेषा, कच्छचं रण ठिपक्यांनी, खंभातचं आखात निळ्या पेन्सिलीनं. जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायची पद्धत, हा शब्द नववी-दहावीच्या पुस्तकात दोन ओळींत येतो, त्या दोन ओळी मी इतकी वर्षं वाचून दाखवल्या आणि पुढे गेले. माझी भाची युनिव्हर्सिटीत शिकते. सप्टेंबरमध्ये तिनं मेसेज पाठवला की लायब्ररीत जीआयएसचं हँड्स-ऑन ट्रेनिंग आहे, तीन शनिवार, बाहेरचे लोक पण चालतील, लॅपटॉप आपला आणायचा. गल्लीतला चिखल जेमतेम उपसून झाला होता, सोफा अजून गच्चीवर वाळत होता, गणपती त्या ओलसर भिंतीसमोरच बसवून नुकतेच विसर्जन केले होते. मला वाटलं जावं. घरातून बाहेर तरी पडेन.

लायब्ररी म्हणजे आपली हंसा मेहता लायब्ररी. हंसाबेन १९४९ मध्ये युनिव्हर्सिटी सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या व्हाइस चान्सलर, आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन'च्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' हे शब्द यावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या त्याच. मी पदवीच्या वर्षात तिथं परीक्षेच्या आधी जाऊन बसायची, त्यानंतर आत पाऊल ठेवलं नव्हतं. आणि बडोद्याला लायब्ररी या गोष्टीचं काय नातं आहे ते आपल्या जुन्या लोकांना सांगायला नको, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर वाचनालयं उभी केली, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरायच्या. माझ्या आजोबांनी अशा पेटीतली पुस्तकं वाचलेली, ते सांगायचे. तर त्याच गावात, लायब्ररीत बसून, नकाशे करायला शिकायचं. मला हे मनापासून आवडलं. कॉम्प्युटर लॅबमध्ये असतं तर मी गेले असते की नाही शंका आहे, लायब्ररीत कुणीही आत जाऊ शकतं असं आपल्या डोक्यात पक्कं असतं ना.

पंचवीसेक जण होतो. निम्मे एमए-एमएस्सीची मुलं, दोन आर्किटेक्ट, एक पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनियर काका, एक मुलगी मगरींवर काम करणारी (विश्वामित्रीत मगरी आहेत हे जगाला नवल वाटतं, आपल्याला नाही, पण त्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या तेव्हा ही मुलगी त्यांना सुखरूप परत सोडायच्या कामात होती), आणि मी. शिकवणारे सर लायब्ररीचेच, गुजराती, चाळिशीतले, शांत. सगळ्यांना भाई आणि बेन. पहिल्या दिवशी त्यांनी एकच वाक्य इतक्या वेळा म्हटलं की ते माझ्या कानात बसलंय, "बेन, पहेलां सीआरएस जुओ." आधी सीआरएस बघा. कोऑर्डिनेट रेफरन्स सिस्टिम.

ते काय हे मला कळलं ते आजव्यामुळे. सांगते. पावसाळ्यात बडोद्यात प्रत्येक घरात दोन आकडे बोलले जातात, आजवा तलावाची लेव्हल आणि विश्वामित्रीवरच्या काळा घोडा पुलाची लेव्हल. आजवा २१२ फूट, काळा घोडा २६ फूट म्हणजे डेंजर. ऑगस्टमध्ये काळा घोड्याचा आकडा ३५ च्या वर गेला होता, ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. पण २१२ आणि २६ हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून कधी विचार केलाय का? सर म्हणाले, आजव्याचे २१२ फूट समुद्रसपाटीपासून मोजलेले आहेत, आणि पुलावरचे २६ फूट त्या पुलाच्या पट्टीवरच्या शून्यापासून. दोन शून्यं वेगळी. दोन्ही आकडे खरे, पण एकातून दुसरा वजा केला तर उत्तर खोटं. नकाशाचं तसंच आहे, प्रत्येक नकाशा आपापल्या शून्यापासून मोजलेला असतो, सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० च्या पृथ्वीच्या मापावर, तुमचा मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर, आणि शून्य कुठलं ते न बघता एकावर एक ठेवले की रस्ता घरातून जातो आणि नदी रस्त्यावरून. मी २४ वर्षांत अक्षांश-रेखांश इतक्या सोप्या रीतीनं कुणाला समजावले नव्हते.

सॉफ्टवेअर क्यूजीआयएस. फुकट आहे, डाउनलोड करायचं आणि वापरायचं, २००२ मध्ये गॅरी शेरमन नावाच्या माणसानं सुरू केलं आणि आज जगभरातले लोक मिळून ते वाढवतात. पहिल्या तासात पडदा बघून छातीत धडधडतं हे खरं आहे, इतकी बटणं, पण त्यातली दहा-बाराच लागतात. लेयर म्हणजे माझ्या ट्रेसिंग पेपरसारखेच एकावर एक कागद. हे कळल्यावर धडधड थांबली.

चुका मात्र सगळ्यांच्या झाल्या आणि त्या चुकांतूनच मी जास्त शिकले. एक्सेलमध्ये बडोद्यातल्या वीस ठिकाणांची यादी दिली होती, अक्षांश २२.३ च्या आसपास, रेखांश ७३.२ च्या आसपास, ती नकाशावर टाकायची. एक्सच्या रकान्यात अक्षांश आणि वायच्या रकान्यात रेखांश असं उलटं झालं की बडोद्याचे वीसही ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतात. मांडवी, न्यायमंदिर, स्टेशन, सगळं बर्फाच्या समुद्रात. माझ्या शेजारच्या मुलाचं झालं तसं, त्यानं झूम आउट करत करत शोधलं तेव्हा सापडलं. मग वायच्या रकान्यात आधी कुठला आकडा टाकायचा हे त्या वर्गातलं कुणी विसरणार नाही. दुसरं, नदीच्या दोन्ही बाजूला ५०० मीटरचा पट्टा काढायचा होता, म्हणजे बफर. मी ५०० लिहिलं, ओके केलं, आणि सगळा पडदा एका रंगानं भरला. कारण माझा लेयर अंशात होता, मीटरमध्ये नव्हता, मी ५०० अंशांचा पट्टा मागितला होता आणि पृथ्वीच ३६० अंशांची. सर मागून आले, "पहेलां सीआरएस जुओ बेन." आपल्या बडोद्यासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर झोन, कोड ३२६४३, त्यात लेयर बदलून घेतला की माप मीटरमध्ये येतं. आणि अंश सगळीकडे सारखा लांब नसतो हे पुस्तकातलं वाक्य तेव्हा हातात आलं, आपल्याकडे उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम एक अंश १०३ च भरतो. म्हणून अंशात काढलेलं वर्तुळ जमिनीवर वर्तुळ राहत नाही, चेपतं.

अजून एक गोष्ट खास मराठीत काम करणाऱ्यांसाठी. शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात रकान्याचं नाव दहा बाइटच्या वर जात नाही आणि आपलं एक देवनागरी अक्षर तीन बाइट खातं, प्रत्येक काना-मात्रा वेगळे तीन. म्हणजे साडेतीन अक्षरंही नाहीत. मी 'पाण्याची उंची' लिहिलं आणि त्याचा 'पाण' झाला. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरा, त्यात पूर्ण मराठी नाव राहतं, मी तपासून बघितलंय.

दुसऱ्या शनिवारी उंचीचा विषय निघाला आणि मला जे विचारायचं होतं ते विचारलं. आमची गल्ली नदीपासून सरळ रेषेत सव्वा किलोमीटर लांब आहे. आमच्या आणि नदीच्या मध्ये अशा सोसायट्या आहेत जिथं पाणी आमच्या नंतर चढलं, काही ठिकाणी चढलंच नाही. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलीमीटर पाऊस पडला तेव्हाही तसंच झालं होतं. लांब असून आम्हीच आधी का बुडतो? सरांनी एसआरटीएमचा उंचीचा डेटा उघडला, २००० च्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानानं ११ दिवस फिरून रडारनं जवळपास सगळ्या जगाची उंची मोजली होती तो, आणि म्हणाले तुमची गल्ली दाखवा. मी मोठ्या आशेनं झूम केलं. गल्ली नव्हती. एक चौकोन होता. ३० मीटर गुणिले ३० मीटरचा एक चौकोन आणि त्याला एकच उंची, आमची आठ-नऊ घरं त्या एका आकड्यात. आणि तो आकडाही कदाचित चार-पाच मीटरनं इकडेतिकडे, शिवाय रडारला छप्पर आणि झाडाचा शेंडाही जमीनच वाटतो. पावागढकडून उतार कसा येतो, नदी कशी वळणं घेत शहरातून जाते आणि पुढे ढाढरला मिळून आखाताकडे उतरते, ते त्यात छान दिसलं. पण माझ्या दारात गुडघाभर आणि समोरच्या दारात कमरेएवढं पाणी का, ते त्यात दिसणं शक्यच नाही. दोन दारांत फरक दीड फुटाचा, आणि डेटाची चूक दोन-अडीच पुरुषांची.

मी जरा हिरमुसले. तेव्हा ते निवृत्त इंजिनियर काका मागून बोलले. मराठीच, बडोद्याच्या वाडी भागातले. म्हणाले, "अहो बाई, तुमच्या गल्लीत पाणी किती वेळ उभं होतं?" म्हटलं दोन रात्री. "हलत होतं?" नाही, तळ्यासारखं होतं. "मग ती सगळ्यात मोठी पाणसळ झाली की."

आणि मला लख्ख कळलं. गवंडी लेव्हलची नळी धरतो, पारदर्शक नळीत पाणी, दोन्ही टोकांना पाणी एका उंचीवर, तिथं खूण करायची. पूर तेच करून गेला होता. पाणी उभं राहिलं की वरचा पृष्ठभाग सगळीकडे एका पातळीत, म्हणून ज्या घराच्या भिंतीवर रेघ रस्त्यापासून १४० सेंटीमीटर वर आहे तिथला रस्ता १४० नं खाली आहे, आणि जिथं ६० वर आहे तिथला ६० नं. फरक ८० सेंटीमीटर. यानातून जे मोजता आलं नाही ते आमच्या प्रत्येक भिंतीवर लिहून ठेवलंय, सेंटीमीटरमध्ये, फुकट. फक्त मेजरिंग टेप घेऊन जायचं. अर्थात हे एका गल्लीपुरतं, एका साचलेल्या पाण्यापुरतं खरं, वाहत्या पाण्याला उतार असतो, म्हणून अख्ख्या शहराच्या रेघा एका पातळीत धरता येणार नाहीत, ते काकांनी बजावून सांगितलं आणि ते महत्त्वाचं आहे.

मग मी गल्ली मोजायला लागले. मोबाइलवर क्यूफील्ड नावाचं ॲप आहे, क्यूजीआयएसमध्ये तयार केलेला नकाशा आणि फॉर्म तसाच फोनवर येतो, नेट नसलं तरी चालतो, ठिपका टाकायचा, उंची भरायची, फोटो काढायचा. सरांनी एक गोष्ट आधीच सांगितली की दोन भिंतींच्या मध्ये अरुंद जागी फोनचा जीपीएस पाच मीटर तर सहज चुकतो, कधी दहा, त्यामुळे निळ्या ठिपक्यावर विसंबू नका, सॅटेलाइटच्या चित्रावर घर ओळखून बोट ठेवा. गल्ली तुमची आहे, तुम्हाला घर ओळखता येतं. ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

घरोघर जाणं हे मात्र कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. पितृपक्ष चालू होता, लोक थकलेले, अर्ध्या घरांत अजून नवीन फ्रिज आलेला नव्हता, त्यात मी टेप घेऊन दारात. पहिल्या दिवशी तीन घरांनी विचारलं की सर्व्हे कशाचा, भरपाई मिळणार आहे का. नाही म्हणताना जीव कसनुसा झाला. चौथ्या घरच्या काकांनी सरळ सांगितलं, नकाशावर आमचं घर पाण्यात दिसलं की उद्या विकायला काढलं तर कोण घेईल? हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी घरी येऊन विचार केला, मग फॉर्ममधून घर नंबर काढला, नाव तर नव्हतंच, आणि रेघ घराची न धरता घरासमोरच्या रस्त्याची धरली. रस्त्याची उंची ही कुणाची खाजगी गोष्ट नाही. परत जाऊन काकांना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि मग स्वतः टेपचं एक टोक धरलं.

काही घरांनी गणपतीच्या आधीच चुना मारला होता. तिथं रेघ नाही, आठवण आहे. आणि आठवण माणसं अंगावर मोजतात. गुडघ्याच्या वर, ॲक्टिवाची सीट बुडाली, पाळण्याच्या कडीपर्यंत, देवघराची दुसरी पायरी. कोपऱ्यावरच्या बा, ८५ च्या असतील, मला हात धरून आत घेऊन गेल्या आणि तुळशीवृंदावन दाखवलं, म्हणाल्या, "दिवो मूकवानी जग्या सुधी." दिवा ठेवायच्या कोनाड्यापर्यंत. मी मोजलं, ९४ सेंटीमीटर. शेजारच्या घराची पक्की रेघ ९६ होती. दोन सेंटीमीटरचा फरक. तरीही मी दोन प्रकार वेगळे ठेवले, 'पक्की रेघ' आणि 'आठवण', रंगही वेगळे दिले, कारण बघणाऱ्याला कळलं पाहिजे की कुठल्या ठिपक्यावर किती भरवसा ठेवायचा.

तिसऱ्या शनिवारी ३७ ठिपके घेऊन गेले. त्यांच्यामधली जागा भरून काढायला इंटरपोलेशन करतात, म्हणजे जवळच्या ठिपक्याचं जास्त ऐकायचं आणि लांबच्याचं कमी असा हिशोब करून मधले आकडे काढायचे. चित्र आलं. मला अजून तो क्षण आठवतो, फिकट निळ्यातून गडद निळं होत जाणारं चित्र, आणि सगळ्यात गडद डाग नदीच्या बाजूला नव्हताच. तो पाठीमागे होता, आमच्या मागच्या सोसायटीच्या कंपाउंडपाशी, जिथून कांस जाते. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कांस म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला, भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस अशी नावं आपल्याकडे पेपरात रोज येतात पावसाळ्यात. सगळ्या कांस शेवटी नदीकडे जातात. आणि नदीच भरलेली असली की कांसचं पाणी जाणार कुठं, ते उलटं फिरतं, नदीचं पाणीही त्याच वाटेनं मागे येतं. आम्ही नदीपासून सव्वा किलोमीटर होतो पण कांसपासून ९० मीटर. नदीकाठ ओलांडून पाणी आमच्याकडे आलंच नव्हतं, ते मागच्या दारानं आलं होतं. इतकी वर्षं आम्ही सगळे पुढच्या रस्त्याकडे तोंड करून पाणी कधी येतं ते बघत बसायचो.

पण कांस तर बरीच लांब जाते, खड्डा तिथंच का? याचं उत्तर सासूबाईंनी दिलं. मी प्रिंट काढून घरी आणली होती. आईंनी बघितली आणि म्हणाल्या, "अगं, इथं तर तळावडी होती." त्या १९६६ मध्ये लग्न होऊन या घरात आल्या. मागे म्हशी बसायच्या, शिंगाडे यायचे, पोरं पोहायची, मग ती बुजवली आणि सोसायटी झाली. हे मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. मी २३ वर्षं या घरात आहे.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, पुरावा शोधू या. अमेरिकेनं १९६० ते १९७२ या काळात कोरोना नावाचे हेर उपग्रह सोडले होते, फिल्मवर फोटो काढायचे, फिल्मची डबी पॅराशूटनं खाली सोडायची आणि ती विमानानं हवेतच पकडायची, ते सगळे फोटो १९९५ मध्ये खुले केले, आणि पुष्कळसे आता नेटवर मिळतात. त्यात बडोद्याची पट्टी मिळाली. काळा-पांढरा फोटो, कडेला ताणलेला, कुठलाही सीआरएस नाही, म्हणजे कॉम्प्युटरसाठी तो नुसता फोटो, नकाशा नाही. त्याला जमिनीवर बसवायचं काम म्हणजे जिओरेफरन्सिंग. तेव्हाही होत्या आणि आजही तिथंच आहेत अशा जागा दोन्हीकडे शोधायच्या आणि जोड्या लावायच्या. तीन जोड्या किमान लागतात, आम्ही १४ लावल्या, कारण फोटो वाकडा होता. आणि इथं आपलं जुनं शहर किती देखणं उपयोगी पडलं म्हणून सांगू. मांडवी बरोबर मध्ये, तिच्या चार दिशांना लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट हे दरवाजे. सुरसागर तळ्याचे कोपरे. लक्ष्मीविलास पॅलेसचं छप्पर. स्टेशनजवळचे रूळ. साठ वर्षांत जागचं न हललेलं बडोदं एकेक करून खिळ्यासारखं ठोकत गेलो आणि तो वाकडा फोटो आजच्या नकाशावर बसला. दोन जोड्यांची चूक जास्त येत होती, त्या काढून परत केलं.

मग माझ्या ३७ ठिपक्यांचा लेयर चालू केला. गडद निळ्या डागाखाली, फोटोत, एक काळा लंबगोल होता. पाणी. त्याच्या एका कडेला झाडांची रांग.

घरी येऊन लॅपटॉप आईंच्या मांडीवर ठेवला. त्यांना आधी काही कळेना, वरून बघायची सवय नाही, मग मी सुरसागर दाखवला, तिथून रस्ता धरून बोट फिरवत आणलं आणि त्या काळ्या डागावर आल्यावर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःचं बोट ठेवलं. "हा काठ. इथं मी कपडे धुवायला यायची. हा पिंपळ." पिंपळ होता की नाही मला सांगता येणार नाही, फोटोत नुसता करडा ठिपका आहे, पण मी त्यांनी सांगितला तिथं ठिपका टाकला आणि प्रकार लिहिला, 'आठवण'.

आता हे सगळं आमच्या एका गल्लीचं झालं. आजूबाजूला तशाच अकरा गल्ल्या आहेत त्या कांसला लागून. इंजिनियर काका म्हणतात की प्रत्येक गल्लीच्या ३०-४० रेघा मिळाल्या तर कांसचं पाणी कुठं पहिल्यांदा बाहेर येतं ते दाखवता येईल, कुठं पंप लावायचा, कुणाला आधी वर हलवायचं, कुठल्या रस्त्यानं ट्रॅक्टर येऊ शकेल. सरांनी लायब्ररीतर्फे डेटा जपून ठेवायचं कबूल केलंय, कुणालाही बघता येईल असा, नाव-नंबर काहीही नसलेला. मगरीवाली मुलगी आणि तिचे तीन मित्र यायला तयार आहेत. माझ्या शाळेतली नववीची मुलं पण येणार आहेत, आई-वडिलांची परवानगी घेऊन, दोघा-दोघांच्या जोड्या, एकानं टेप धरायची आणि एकानं वाचायचं.

अडचण एकच आहे, ती म्हणजे दिवाळी. धनत्रयोदशी यंदा, २०२४ मध्ये, २९ ऑक्टोबरला. रोज सकाळी शाळेत जाताना बघते, आज या घरासमोर शिडी, उद्या त्या घरासमोर प्रायमरचे डबे, आणि ज्या भिंतीला प्रायमर लागला तिची रेघ गेली. कुणाला दोष नाही, दोन महिने ती घाण रेघ बघून माणसाला नको होतं, आमच्याच घरात रोज विषय निघतो. म्हणून विनंती करते. कांसकडच्या बाजूला राहत असाल, किंवा कुठंही जिथं पाणी उभं राहिलं होतं, तर रंगाऱ्याला बोलवायच्या आधी फक्त पाच मिनिटं काढा. रस्त्याच्या कडेला टेपचं टोक टेकवा, घराच्या जोत्यावर नाही, रस्त्यावर, आणि रेघेपर्यंत सरळ उभं मोजा. टेप भिंतीला लावून फोटो काढा, आकडा दिसेल असा. तारीख लिहा. रेघा दोन असतील तर दोन्ही मोजा, वरची सगळ्यात जास्त पाण्याची आणि खालची पाणी उतरताना थांबलं तिथली, दोन्ही कामाच्या आहेत. रेघ आधीच गेली असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांनी सांगितलेल्या जागेपर्यंत मोजा, आणि 'आठवण' असं लिहा.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला आम्ही कांसच्या पुलापाशी जमतोय. टेप आमच्याकडे सहा आहेत, अजून चार लागतील. रंगाऱ्याला मी सोमवारी बोलावलंय, आणि मीटरच्या पेटीखाली वीतभर जागा कोरी सोडायला सांगितलंय.